पेवावरचा पंजा

१९७३ सालची दिवाळी झाली आणि आमच्या गावच्या बँकेनं पैसे देणं बंद केलं. त्यानंतरच्याच आठवड्यात एका दुपारी बापूसाहेब आवटी माझ्या वडिलांच्या सोप्यात बसून माझ्या नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं ठरवत होते, आणि मी आत त्यांच्यासाठी कॉफी गाळत होते.

"साखर बेतानं हं, राजाक्का," ते आतल्या दिशेनं म्हणाले. "डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय."

मी कप घेऊन बाहेर गेले. मी आल्यावर ते थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. उलट मी ऐकावं अशीच त्यांची इच्छा असावी.

"नेमाण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जावई घरातला आहे म्हणून तर हे सोपं. परका मॅनेजर असता तर गावभर बोंबलला असता. श्रीपाल शहाणा आहे. वर्ष-दोन वर्षं त्रास होईल, मग प्रकरण थंड. मग माझ्या अडतीत घेतो त्याला. बँकेपेक्षा चार पैसे जास्तच देईन."

"आणि आपण?" अण्णांनी विचारलं.

"आपण कुठं सही केलीय? कर्जाच्या कागदावर सही मॅनेजरची. 'तारण माल पाहिला' असं खाली लिहिलंय आणि त्याच्याखाली श्रीपाल मगदूम. आपण आपले गावचे पंच. पगार थोडाच घेतो बँकेचा?"

अण्णा, म्हणजे माझे वडील नेमाण्णा चौगुले, बँकेचे चेअरमन. बापूसाहेब उपाध्यक्ष. आणि श्रीपाल मगदूम म्हणजे आमचे हे. आई गेल्यापासून अण्णांच्या घरचं दुपारचं मीच बघायची. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं.

अण्णा कपाच्या कानात बोट घालून तो बशीत फिरवत राहिले. त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी उसाच्या चरकात गेली होती. कप फिरवला की ती रिकामी जागा दिसायची. मला तिची इतकी सवय होती, पण त्या दिवशी तिच्यावरून नजर हलेना.

तो तारण माल म्हणजे पेवातली हळद. तुमच्यापैकी ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांना सांगते. सांगलीच्या आसपास आमच्याकडं हळद जमिनीत ठेवत. दोन-तीन पुरुष खोल खड्डा, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं, रांजणासारखं. आतून पाला लावायचा, हळद ओतायची, तोंडावर फळ्या टाकायच्या आणि वर शेणामातीचा जाड थर द्यायचा. मग वर्षानुवर्षं किडा लागत नाही. पण एकदा पेव बंद केलं की विकायच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, हा नियम. वारा लागला की माल बिघडतो. त्यामुळं आत काय आहे हे बंद करताना जो हजर असेल त्यालाच ठाऊक.

म्हणून पंजाची रीत. पेवावर कोणी कर्ज देणार असेल तर पेव भरताना त्यानं स्वतः तिथं उभं राहायचं आणि वरच्या ओल्या मातीवर आपला पंजा उमटवायचा. माती सुकली की पंजा तसाच राहायचा. म्हणजे 'मी बघितलंय, माल आहे.' सावकारांच्या काळापासूनची ही पद्धत. पुढं बँक झाली, छापील कागद आले, शिक्के आले, पण पंजा गेला नाही. संचालकाचा पंजा पेवावर पडायचा, मॅनेजर जाऊन तो बघून यायचा, मगच पैसे सुटायचे.

आदाप्पा हुपरे या हळदीच्या व्यापाऱ्याला बँकेनं असे पाच पेवांवर पैसे दिले होते. बँकेत गावाचं जेवढं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त. हुपरेनं ते सांगलीच्या वायदेबाजारात लावले आणि दिवाळीच्या आधी एका पहाटे बायकोमुलांसकट तो गावातून गेला. घराला कुलूपसुद्धा लावलं नव्हतं. लावण्यासारखं आत काही नव्हतंच.

"पण पेवं आहेत की," लोक म्हणायचे. "पाच पेवं हळद आहे. विकू आणि पैसे घेऊ."

ती पेवं फोडायला जिल्ह्याहून सरकारी ऑडिटर उद्या येणार होते. आणि बापूसाहेब आज अण्णांच्या सोप्यात बसले होते. पेवं फोडल्यावर आत काय निघणार हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे.

मलाही ठाऊक होतं.

कारण अण्णांना दोन वर्षांपासून गुडघ्याचं दुखणं होतं. पेवं गावाबाहेर, नदीच्या अंगाला. तिथवर चालणं त्यांच्या जिवावर यायचं. तेव्हा हुपरे म्हणाला होता, मी स्वतः ऐकलंय, "अण्णा, तुम्ही कशाला चिखलापर्यंत येता? चिखलच तुमच्याकडं आणतो की!" आणि त्यानं आणला. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर शेणामातीचा गिलावा थापून, गड्याच्या डोक्यावर पाटीतून. सोबत तासगावच्या द्राक्षांची करंडी. अण्णांनी सोप्यात बसल्या बसल्या पंजा दिला. ती फरशी नेऊन हुपरेनं पेवाच्या तोंडावर बसवली, भोवतीनं लिंपलं. असं तीन वेळा झालं. तीनही वेळा अण्णांचा हात धुवायला तांब्यातून पाणी मीच घातलं. त्यात काही विपरीत आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. द्राक्षं गोड होती.

उरलेल्या दोन पेवांवर बापूसाहेबांचा पंजा होता. त्यांचे गुडघे तर ठणठणीत होते. त्यांच्याकडंही चिखल घरपोच गेला असणार.

घरी आले तर हे सायकल पुसत बसले होते. बँकेत काम काही नव्हतं, तरी रोज वेळेवर जायचे. दारात खातेदार बसलेले असायचे. बांगड्या विकणारी तानूबाई कासारीण तर रोज टोपली घेऊन पायरीवर ठाण मांडायची. नातीच्या लग्नासाठी तिनं पै-पै करून ठेवलेलं. आदल्याच दिवशी ती ह्यांना म्हणाली होती, "साहेब, पैसं देता येत नसतील तर हात तरी पुढं करा. हिरव्या बांगड्या भरते." पायरीवरचे सगळे हसले. हे घरी येऊन जेवले नाहीत.

मी बापूसाहेबांचा बेत सांगितला. हे पुसत राहिले.

"मला अंदाज होता," ते म्हणाले. "मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं, एक पेव उघडून बघू. तर बापूसाहेब म्हणाले, चेअरमनच्या पंजावर भरवसा नाही काय तुमचा? सासऱ्याच्या पंजावर? मग काय बोलणार?"

तेव्हा मी त्यांना पाटीतल्या चिखलाचं सांगितलं. पहिल्यांदाच.

ह्यांचा फडका थांबला. म्हणाले, "हे कुणाला बोलू नकोस."

"बोलू नको? तुम्हाला बेड्या घालतील!"

"राजमती, बाप आहे तुझा. लेकीनं चारचौघांत बापाकडं बोट दाखवलं तर तो जिवंत राहील काय? आणि तू तरी नंतर मला सुखानं वाढशील काय?"

"मग मी काय करू?"

"पोरांना घेऊन उद्या दिवसभर घरात थांब."

आयुष्यात ह्यांचं मी बरंच ऐकलं. हे नाही ऐकलं.

सकाळी पोरांना शेजारी सोडून मी अण्णांकडं गेले. ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, टोपी बाजूला काढून ठेवलेली. रात्रीच्या जेवणाचं ताट तसंच होतं.

"अण्णा, मी पण येणार आहे पेवावर."

"बायकांचं काय काम तिथं?"

"तुमचे हात धुवायला पाणी लागेल. नेहमी मीच घालते."

चोळणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कोनाड्यातला तांब्या घेतला, घासला, भरला. ते उठले आणि काठी घेऊन पुढं निघाले. मी मागं, तांब्यावर पेला पालथा घालून. बैलगाडी आणते म्हटलं तर नको म्हणाले. आदली दोन वर्षं ज्या वाटेनं जाता येत नव्हतं ती वाट ते त्या दिवशी चालत गेले. मध्ये चार ठिकाणी थांबले. एकदा मी काखेत हात द्यायला गेले, तर त्यांनी हात झटकला.

पेवावर अख्खं गाव लोटलं होतं. ऑडिटर बोंद्रे नावाचे होते. किडकिडीत, उन्हासाठी काळी छत्री घेतलेले. बापूसाहेब त्यांच्याशेजारी छत्रीच्या सावलीत उभे होते. हे थोडे लांब, एकटे. मला बघून ह्यांचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

पहिलं पेव अण्णांच्या पंजाचं होतं. गड्यांनी भोवतीची माती फोडली, पंजाची फरशी अलगद उचलून बाजूला ठेवली, फळ्या काढल्या. मग दोरीला बांधून कंदील आत सोडला. ही पण रीतच. भरल्या पेवात हवा कोंडलेली असते, माणूस उतरला तर गुदमरून जातो. म्हणून आधी कंदील सोडतात. माल असेल तर कंदील गळ्याशीच विझतो आणि लोक म्हणतात, "आहे, आहे, भरलंय!" मग अर्धा दिवस वाट बघायची आणि मग उतरायचं. लहानपणापासून मी हा कंदील विझताना बघत आलेले. विझला की पोरं टाळ्या पिटायची.

कंदील गळ्याशी गेला. विझला नाही. आणखी खाली गेला. दोरी सुटत गेली, आणि आतून उजेड वर येऊ लागला, लख्ख, पिवळा, पेवाच्या कोरड्या भिंती दिसायला लागल्या. शेवटी दोरी सैल पडली. कंदील तळाला टेकला होता आणि शांतपणे जळत होता.

इतका नकोसा उजेड मी परत कधी पाहिला नाही.

"अगं आई," तानूबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. गर्दीतून एक दगड आला. ह्यांच्या पायाशी पडला.

बोंद्रे साहेबांनी छत्री मिटली. "हे तारण कोणी तपासलं होतं?"

बापूसाहेबांनी घसा साफ केला. "साहेब, कागद तुमच्यासमोर आहेत. मॅनेजरची सही आहे. आम्हाला फार वाईट वाटतं, चेअरमनसाहेबांचे तर जावई..."

"मगदूम, ही सही तुमची?"

"माझीच," हे म्हणाले. बस, एवढंच.

मी तांब्या घट्ट धरला होता. मी एक पाऊल पुढं टाकलं. दुसरं टाकलं. लोक माझ्याकडं बघायला लागले. शब्द जिभेवर होते. काय होते ते आता आठवत नाही, पण पहिला शब्द 'अण्णा' असणार होता.

"थांब, राजू."

अण्णा होते. काठी टाकून ते त्या बाजूला काढून ठेवलेल्या फरशीजवळ गेले आणि खाली बसायला लागले. गुडघा वाकेना. हे धावत आले, त्यांनी दंडाला धरलं.

"सोड. हे मला एकट्याला करायचंय."

कसेबसे बसले. सदऱ्याची बाही मागं सारली आणि उजवा हात फरशीवर, त्या सुकलेल्या मातीतल्या पंजावर ठेवला. हात पंजात बसला. चार बोटं, आणि करंगळीच्या जागी सपाट माती.

"साहेब, हा हात माझा. या गावात चार बोटांचा दुसरा कुणी नाही."

"ते दिसतंय, चौगुले. पण—"

"ऐकून घ्या. मी इथं कधी आलोच नाही. हा पंजा मी घरी बसून दिला. माती माझ्याकडं आली, मी पेवाकडं गेलो नाही. मॅनेजरनं पंजा बघितला आणि पैसे सोडले. पंजा खोटा निघाला तर चूक बघणाऱ्याची की देणाऱ्याची?"

बापूसाहेब म्हणाले, "नेमाण्णा, भावनेच्या भरात काही बोलू नका. घरी जाऊन बसून—"

"घरी बसूनच तर हे झालं, बापूसाहेब."

बोंद्रे साहेब खाली वाकले. आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे ना? सहकार कायद्यात तरतूद आहे. संचालकाच्या हलगर्जीपणानं बँक बुडाली असं ठरलं तर त्याच्या खाजगी मालमत्तेतून वसुली होते. घर, जमीन, सगळं."

"होऊ दे की. लोकांचे पैसे कुठल्यातरी घरातून यायलाच पाहिजेत. ज्या घरात बसून हात दिला त्या घरातून येऊ देत." मग मान वळवून म्हणाले, "पलीकडच्या दोन फरश्या काढा रे. तिथं पाच बोटांचा पंजा आहे. बापूसाहेब, या. माप द्या."

बापूसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

ते तसेच उभे राहिले. बोंद्रे साहेबांनी दोनदा नाव घेतलं तरी हात पुढं आले नाहीत. पहिल्यांदा तानूबाई हसली. बसल्या जागेवरून म्हणाली, "काढा की हात, आवटीसाहेब! बांगड्यांचं माप घेते!" मग सगळं गाव हसलं. ज्यांचं सगळं बुडालं होतं तीच माणसं पोट धरून हसत होती. दुसरा दगड काही आला नाही.

अण्णा उठले. ह्या वेळी त्यांनी ह्यांचा हात धरू दिला.

"राजू, पाणी दे."

हाताला काही लागलेलं नव्हतं. वाळक्या मातीची थोडी धूळ, बस. तरी त्यांनी हात चोळून चोळून धुतला. मी धार धरली होती. कंदील आत अजून जळत होता. तो ओढून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

परत येताना ते दोघं पुढं, मी मागं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णा म्हणाले, "श्रीपाल, तुमच्याकडची मागची खोली कोरडी आहे ना रे? पावसाळ्यात गळत नाही ना?"

"नाही गळत, अण्णा."

"मग बरं झालं."

त्या दिवशी घरी येऊन आम्ही तिघं जेवलो. अण्णांनी दोनदा भात मागून घेतला.

बाकीची चार पेवंही रिकामीच निघाली. घर गेलं, अण्णांचा अडतीचा गाळा गेला, नदीकाठची चार एकर गेली. अण्णांनी वसुलीच्या आधी स्वतःच गिऱ्हाइकं शोधली, म्हणून किंमतही बरी आली. एवढ्यानं सगळं भागलं नाही. पण चेअरमननं घर विकलं म्हटल्यावर इतर संचालकांना गावात तोंड दाखवता येईना. त्यांनीही थोडं थोडं आणून भरलं. दुसऱ्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत लहान खातेदारांचे सगळे पैसे परत मिळाले. तानूबाईच्या नातीचं लग्न झालं. लग्नात तिनं मला चुडा भरला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "तुझ्या बापाकडून घेतलंय."

आवटीसाहेब कोर्टात गेले. खटला त्यांच्यापेक्षा जास्त जगला. मुलांनी शेवटी तडजोड करून पैसे भरले. पण गावात अजून कुणी पाठीमागं हात बांधून उभा राहिला की म्हातारी माणसं विचारतात, "काय रे, आवटीसाहेब झालास काय?" ज्या पोरांना हे म्हणतात त्यांना कोण आवटी ते माहीतही नसतं.

हुपरे बेळगावकडं सापडला. शिक्षा भोगून आला आणि आठवडी बाजारात हळदीच्या पुड्या विकायला लागला. एकदा आमच्या दारात आला होता. अण्णांनी त्याला पाणी दिलं. पुडी घेतली नाही.

ह्यांच्यावर ठपका आला नाही. पण ती बँक सोडून ते मिरजेच्या एका बँकेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एक खोड मात्र त्यांना मरेपर्यंत राहिली. घरात कुठलाही डबा दिसला की झाकण उघडून आत बघायचे. "अहो, तांदूळच आहेत," मी म्हणायची. "असतील," ते म्हणायचे आणि बघायचेच.

अण्णा मागच्या खोलीत अकरा वर्षं राहिले. गुडघा काही बरा झाला नाही, पण झोप लागायची. भर दुपारी, दार उघडं टाकून, घोरत. त्या जुन्या घरात मी त्यांना कधी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. गेले तेही झोपेतच.

पेवं आता नाहीत. पुरांनी बुजवली, वर प्लॉट पडलेत. हळद गोदामात असते.

माझी नात आता पुण्यात बँकेत आहे, कर्ज विभागात. ही गोष्ट तिला पाठ आहे. मागं आली होती तेव्हा तिनं विचारलं, "आजी, पणजोबा उठले नसते तर तू खरंच बोलली असतीस?"

"बोलले असते."

"सख्ख्या वडिलांच्या विरुद्ध? सगळ्या गावासमोर?"

मी तिला कोनाड्यातला तांब्या दाखवला. आता त्याला पोचा पडलाय, पण मी तो अजून स्वतः घासते.

"हे बघ," मी म्हटलं, "तांब्या काठोकाठ भरून नेला होता मी. मी बोलले असते तरी, त्यांचा हात मी धुणारच होते."